नदीचा इशारा, इमारतीचे मौन

नागपूरहून जुन्या राष्ट्रीय महामार्ग सातने उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला जबलपूर प्रथम भेटते ते तिलवाऱ्याच्या पुलावर. खाली नर्मदा, काठावर महात्मा गांधींच्या अस्थिविसर्जनाची आठवण सांगणारे स्मारक आणि परिसरात १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचा इतिहास. सुभाषबाबू आणि गांधीजी यांच्यातील मतभेदांनी गाजलेले ते अधिवेशन याच भागात भरले होते. आज या पुलापासून शहराच्या दिशेने वसाहती पसरत चालल्या आहेत. नदीकाठची मोकळी हवा, महामार्गाची सोय आणि शहराच्या मध्यभागापेक्षा कमी भाव यांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबे इकडे वळली. त्यांच्या घराची सुरक्षितता पाहण्याचे काम नेमके कोणाचे, हा प्रश्न मात्र जबलपूरच्या राजकारणात निवडणुकीपुरताही ऐरणीवर येत नाही.

पावसाळ्यात तिलवाऱ्याला एक गोष्ट नेमाने अनुभवास येते. वरच्या अंगाला असलेल्या बर्गी धरणाला २१ दरवाजे आहेत आणि जलाशयाची पूर्ण संचय पातळी ४२२.७६ मीटर आहे. पाणी त्या पातळीकडे सरकू लागले की धरण प्रशासन आणि जिल्हा प्रशासन इशारा देते. किती दरवाजे, किती उंचीपर्यंत, किती वाजता उघडणार, किती घनमीटर पाणी सुटणार आणि ग्वारीघाट, तिलवाराघाट, भेडाघाट येथे काय काळजी घ्यावी, हे सारे आकड्यांनिशी सांगितले जाते. इशारा देणारा अधिकारी कोण, हेही सर्वांना ठाऊक असते. उद्या इशारा न देता पाणी सोडले तर जाब कोणाला विचारायचा, याविषयी संभ्रम नसतो.

हीच कुटुंबे ज्या छताखाली राहतात त्या छताविषयी मात्र त्यांना असे काहीही सांगितले जात नाही. इमारतीचा मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक आहे काय, खांबांची अखेरची तपासणी केव्हा झाली, अग्निसुरक्षेचा दाखला कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, या प्रश्नांची उत्तरे कोठल्या ना कोठल्या सरकारी कपाटात असतात, किंवा असायला हवीत. रहिवाशाच्या हाती पडते ती नोटीस, आणि तीही बहुधा उशिरा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या राजकारणातील हे व्यंग जबलपूरपुरते मर्यादित नाही. तथापि जबलपूरने त्याची किंमत फार पूर्वी एकदा मोजलेली असल्याने आरंभ तेथूनच करणे योग्य.

२२ मे १९९७ च्या पहाटे, साडेचारच्या सुमारास, नर्मदा खोऱ्यातील भूकंपाने जबलपूर हादरले. तीव्रता सहाच्या आसपास होती आणि सुमारे ४० माणसे दगावली. मंडला, शिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांनाही झळ बसली. लातूरच्या १९९३ मधील संहाराच्या तुलनेत हा आकडा लहान होता, म्हणून देशाच्या स्मरणातून तो लवकर पुसला गेला. अभियंत्यांच्या दृष्टीने मात्र हा भूकंप महत्त्वाचा ठरला. शहरातील काही बहुमजली सदनिका इमारतींत तळमजला वाहनतळासाठी मोकळा सोडलेला होता. त्या इमारतींत खालचे खांब चिरडले गेले आणि विटांच्या भिंतींनी भरलेले वरचे मजले जवळजवळ शाबूत राहिले. हिमगिरी व अजंता या दोन इमारतींचा उल्लेख भूकंप अभियांत्रिकीच्या लेखनात आजही उदाहरण म्हणून येतो. भिंतींमुळे वरचे मजले ताठ राहतात, भिंती नसल्यामुळे खालचा मजला लवचिक राहतो आणि भूकंपाचा सारा मार त्या उघड्या खांबांवर येतो, हे त्याचे सोपे स्पष्टीकरण.

चार वर्षांनी, २६ जानेवारी २००१ रोजी, कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकांचा तळमजला असाच मोकळा होता. जबलपूरने दिलेला इशारा अहमदाबादच्या सदनिकाधारकापर्यंत पोहोचलेला नव्हता. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात २००२ साली अशा मोकळ्या मजल्यांच्या खांबांसाठी अधिक कडक तरतूद आली. पण मानक लागू होते ते नव्या बांधकामाला. तत्पूर्वी उभ्या राहिलेल्या हजारो इमारतींतील रहिवाशांना, 'तुमचा तळमजला या प्रकारचा आहे, खांब तपासून घ्या' असे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. ती आजही स्पष्टपणे कोणाकडे नाही.

कागदावर पाहू जाता जबाबदारी ठरलेली आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत जी कामे नगरपालिकांकडे सोपवावीत असे म्हटले, त्यांत इमारत बांधकामाचे नियमन आणि अग्निशमन सेवा ही दोन्ही आहेत. तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असेही घटना सांगते. २०११ च्या जनगणनेनुसार जबलपूरची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या घरात होती. मध्य प्रदेशच्या १९५६ च्या महानगरपालिका कायद्यातील कलम ३१० नुसार धोकादायक इमारत दुरुस्त करण्याचा वा पाडण्याचा आदेश देता येतो. दर पावसाळ्याच्या तोंडावर अशा 'जर्जर' इमारतींची यादी होते, नोटिसा बजावल्या जातात आणि पाऊस सरला की यादी पुढल्या वर्षापर्यंत मिटते.

कारवाई झालीच तर काय होते, याचे दर्शन २६ जून २०१९ रोजी इंदूरने साऱ्या देशाला घडवले. जुने धोकादायक घर पाडण्यास गेलेल्या पालिका अधिकाऱ्यावर तेथील तत्कालीन भाजप आमदार आकाश विजयवर्गीय यांनी क्रिकेटची बॅट उगारल्याचे चित्रण दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिले. पंतप्रधानांनी पक्षाच्या संसदीय बैठकीत नाराजी व्यक्त केली. पुढे २०२४ मध्ये विशेष न्यायालयाने विजयवर्गीय यांची निर्दोष मुक्तता केली. खटल्याचा निकाल काहीही लागो, त्या प्रसंगातील राजकीय अर्थ लपत नाही. घर पाडणारी पालिका रहिवाशाला शत्रू वाटते, कारण धोका काय, तो कोणी ठरवला आणि घर सोडल्यावर जायचे कोठे, यांची उत्तरे त्याला आधी मिळालेली नसतात. मग उत्तराऐवजी त्याला आश्रयदाता लागतो, आणि लोकप्रतिनिधी ती भूमिका आनंदाने स्वीकारतो. नोटीस थांबवणे हे मतदारसंघातील पुण्यकर्म ठरते. भिंत पडते तेव्हा तोच लोकप्रतिनिधी नुकसानभरपाईची मागणी करण्यास पुढे असतो.

जबलपूरमध्ये तर काही काळ हा आश्रयदाताही नव्हता. मध्य प्रदेशातील पालिकांची मुदत २०२० च्या सुमारास संपली आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. महापौर थेट निवडावा की नगरसेवकांतून, यावर काँग्रेस आणि भाजप सरकारांनी आलटून पालटून नियम बदलले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अखेर मे २०२२ मध्ये न्यायालयाने वाट मोकळी केली आणि जुलैमध्ये निवडणुका झाल्या. जबलपूरचे महापौरपद दीर्घ काळानंतर काँग्रेसकडे आले, हीच त्या निकालाची मोठी बातमी ठरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते महापौर जगतबहादूरसिंह अन्नू भाजपमध्ये दाखल झाले, ही त्यानंतरची बातमी.

या दोन बातम्यांच्या मधली एक तारीख अधिक बोलकी आहे. निकालाला जेमतेम दोन आठवडे झाले असताना, १ ऑगस्ट २०२२ रोजी, शहरातील एका खासगी रुग्णालयाला आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. अग्निसुरक्षेच्या तात्पुरत्या दाखल्याची मुदत उलटून गेली होती आणि आत-बाहेर जाण्यास एकच वाट होती, हे त्यानंतर उघड झाले. चौकशी, निलंबन, इतर रुग्णालयांच्या परवान्यांची तपासणी असा क्रम यथासांग पार पडला. दाखल्याची मुदत संपल्याची नोंद सरकारी दप्तरात होती, पण त्या दारातून आत जाणाऱ्या रुग्णाला ती कळण्याची कोणतीही सोय नव्हती. रुग्णालयाच्या जागी सदनिकांची इमारत कल्पावी. वस्तुस्थिती बदलत नाही.

तिलवाऱ्याच्या नदीकाठावर या अज्ञानाला आणखी एक पदर आहे. नर्मदेच्या काठापासून ३०० मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि तिलवारा परिसरातील बांधकामांवरून उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालला. हे ३०० मीटर मोजायचे कोठून, नदीच्या नेहमीच्या काठापासून की महापुराच्या कमाल रेषेपासून, हा त्यातील कळीचा मुद्दा. मोजणीची सुरुवात बदलली की एखादी वसाहत नियमात बसते किंवा नियमाबाहेर जाते. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरात, नगररचनेचे धोरण ठरते भोपाळात आणि घराचा हप्ता भरणारा तिलवाऱ्यात. तिघांच्या नकाशावर एकच रेषा असावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

येथे सहकाराचा संबंध येतो. मध्य प्रदेशात १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था म्हणजे बव्हंशी जमीन घेऊन सभासदांना भूखंड वाटणारी संस्था. वाटप झाले की तिचे काम संपते, आणि वाटपातील गैरव्यवहारांच्या तक्रारींनी इंदूर-भोपाळचे राजकारण अनेकदा ढवळून निघाले आहे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्था निराळी. तेथे इमारतीची देखभाल ही संस्थेची कायमची जबाबदारी असते. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हावी, दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड साठवावा, असे बंधन आहे. मुंबई महापालिका कायद्याचे कलम ३५३ ब तीस वर्षांवरील इमारतींना तपासणीचे प्रमाणपत्र सक्तीचे करते. अग्निप्रतिबंधाचा २००६ चा कायदा वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला मागतो.

इतकी तरतूद असून महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो? २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धिसाई ही इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेले फेरबदल हे कारण तपासात पुढे आले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन कोसळून १६ जण गेले, आणि ती इमारत तर दहा वर्षेही जुनी नव्हती. म्हणजे तीस वर्षांचा निकष तिला लागूच नव्हता. २०२५ च्या ऑगस्टअखेर विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग पडून १७ जण दगावले. ते बांधकाम अनधिकृत होते. वसई-विरार महापालिकेत तेव्हा पाच वर्षांपासून लोकनियुक्त सभागृह नव्हते. मुंबईतही मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. प्रशासक नोटीस काढू शकतो. तिच्यावर सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवक तो निर्माण करू शकत नाही.

नोटीस नेहमी रहिवाशाच्या बाजूने असते असेही नाही. मुंबईत धोकादायक ठरवलेल्या इमारतीबाबत संस्थेचा अहवाल एक आणि मालकाचा वा पालिकेचा दुसरा, असे प्रसंग इतके वाढले की परस्परविरोधी अहवालांवर निर्णय देण्यासाठी तांत्रिक सल्लागार समितीची व्यवस्था उभी करावी लागली. म्हाडा कायद्यातील ७९ अ कलमाखाली काढलेल्या शेकडो पुनर्विकास नोटिशींची अंमलबजावणी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवली आणि चौकशीसाठी निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. इमारत खरोखर धोकादायक आहे की जमीन मोलाची आहे, ही शंका रहिवाशाच्या मनात एकदा शिरली की खऱ्या इशाऱ्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. धोक्याची माहिती गुप्त ठेवून ती अचानक आदेशाच्या रूपात बाहेर काढली, की याहून वेगळे होणे कठीण.

हा दोष विकसनशील देशांचाच, असे समजण्याचे कारण नाही. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीच्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. इमारत स्थानिक पालिकेच्या मालकीची होती आणि तिचे व्यवस्थापन जिच्या मंडळावर रहिवाशांचेही प्रतिनिधी होते अशा संस्थेकडे होते. रहिवाशांनी सुरक्षिततेविषयी आधीच तक्रारी केल्या होत्या, पण त्या कटकट समजल्या गेल्या. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम चौकशी अहवालाने सरकार, पालिका, व्यवस्थापन आणि आच्छादनाचे साहित्य बनवणाऱ्या कंपन्या या सर्वांना दोषी धरले. दरम्यान ब्रिटिश संसदेने २०२२ मध्ये इमारत सुरक्षा कायदा केला. उंच निवासी इमारतीसाठी एक उत्तरदायी व्यक्ती ठरलेली असावी आणि रहिवाशांना सुरक्षिततेची माहिती मागता यावी, ही त्यातील मुख्य तत्त्वे. ती यायला ७२ जीव जावे लागले, हा भाग वेगळा.

भारतीय कायद्यात या तत्त्वांसाठी जागा नाही असे नाही. स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत संरचनात्मक दोषाची जबाबदारी विकासकावर असते. पाचव्या वर्षानंतर ती मुकाट्याने रहिवाशांवर येते, पण इमारतीची कागदपत्रे तितक्या मुकाट्याने त्यांच्याकडे येत नाहीत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सार्वजनिक संस्थांना माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्यास सांगते. मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, तपासणीची तारीख, अग्निसुरक्षा दाखल्याची मुदत आणि बजावलेल्या नोटिसा, एवढी पाच कलमे प्रत्येक इमारतीगणिक प्रभाग कार्यालयात आणि इमारतीच्या प्रवेशद्वाराशी लावण्यास नवा कायदा लागत नाही. अडचण आहे ती राजकीय इच्छेची. असा फलक लागला की नकाशाबाहेरचे बांधकामही फलकावर येईल.

आणि नकाशाबाहेरच्या बांधकामाविषयी राजकीय पक्षांचे धोरण एकमुखी आहे. मध्य प्रदेशात २०२१ मध्ये शुल्क भरून नियमित करता येणाऱ्या जादा बांधकामाची मर्यादा १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेण्यात आली. महाराष्ट्रातही अनधिकृत बांधकामे नियमित करण्याच्या घोषणांना निवडणुकीचा हंगाम मानवतो. यातील मेख अशी की, शुल्क भरल्याने बांधकाम कायदेशीर होते, पण खांबाची ताकद वाढत नाही. तिजोरीत पैसा येतो, मतदार समाधानी होतो, आणि ज्या पायावर ठरावीक मजले मंजूर होते त्यावर जादा भार कायमचा बसतो. नियमित करण्यापूर्वी संरचनात्मक तपासणी आणि तिचा अहवाल रहिवाशांपुढे ठेवणे, एवढी एक अट घातली तरी या धोरणाचा विषारी भाग उतरेल.

दुसरा प्रश्न पैशाचा. तपासणी करा असे सांगणे सोपे. तपासणीत खांब कमकुवत निघाला तर दुरुस्तीचा भार कोणी उचलायचा? निवृत्तिवेतनावर जगणारे ज्येष्ठ नागरिक आणि नुकतेच कर्ज काढून आलेले तरुण जोडपे एकाच संस्थेत असते. त्यांच्या वादात अहवाल वर्षानुवर्षे सचिवाच्या कपाटात पडून राहतो. मालमत्ता कराच्या रूपाने पालिका दर वर्षी याच घरांकडून पैसा घेते. त्यातील काही भाग अल्प व्याजाच्या दुरुस्ती कर्जासाठी आणि स्थलांतरितांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी राखून ठेवणे ही उदारता होणार नाही. नोटिशीसोबत पर्याय गेला, तर ती नोटीस रहिवासी उघडून वाचेल.

बर्गीच्या इशाऱ्यामागेही एकेकाळच्या पुरांचा अनुभव आहे. नदीच्या बाबतीत शासनाने मान्य केले की, काठावरच्या माणसाला आधी सांगितले पाहिजे, आकडा सांगितला पाहिजे आणि सांगणाऱ्याचे नाव ठाऊक असले पाहिजे. इमारतीच्या बाबतीत अद्याप ते मान्य झालेले नाही. १९९७ च्या पहाटे जे खांब चिरडले गेले तसेच मोकळे खांब आज तिलवाऱ्याच्या रस्त्यावर, नागपुरात, ठाण्यात आणि पुण्यात वाहनांना सावली देत उभे आहेत. मध्य प्रदेशातील महापालिकांची पुढील निवडणूक २०२७ मध्ये अपेक्षित आहे. रस्ते, पाणी आणि स्वच्छतेच्या क्रमांकाविषयी उमेदवार तेव्हा बोलतीलच. आपल्या इमारतीचा अहवाल दाखवा, असे त्यांना विचारणारे मतदार किती निघतात, यावर तिलवाऱ्याच्या छतांचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील.